गुणगुणीचा बंदोबस्त

रायगड जिल्ह्यातील आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री मांडवापुढे जो बेंजो वाजतो, तो ऐकून घरात बसून राहणारा मनुष्य त्या गावात बहुधा सापडणार नाही. आणि हे वाद्य म्हणजे दुसरेतिसरे काही नसून, नागोया येथील गोरो मोरिता यांनी 1912 साली सिद्ध केलेले तायशोगोतो नामक जे जपानी तंतुवाद्य आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले, त्याच्या पोलादी तारांखाली पिकअप बसवून त्यास विजेवर आणलेले रूप होय. गव्हाण, वहाळ, जासई या टापूतील भातखाचरांवर आणि खाजणांवर सिडकोने उलव्याचे सेक्टर आखले, 11 नोव्हेंबर 2018 रोजी खारकोपरपर्यंत लोकल धावू लागली आणि बहुमजली इमारतींत नवी बिऱ्हाडे येऊन थडकली, त्यांतील एखाद्या तरुणाने आपल्या दिवाणखान्यात इलेक्ट्रिक गिटार टेकवून ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून पोलादी तार, तांब्याचे वेटोळे आणि ॲम्प्लिफायर हे त्रिकूट या भूमीस परिचित होते. बेंजोवाल्याचा ॲम्प्लिफायर ताणला गेला म्हणजे त्याचा स्वर जरा फाटतो, घोगरा होतो. परंतु तो तसा झाला नाही तर वऱ्हाडास चुकल्याचुकल्यासारखे वाटते. म्हणजे ॲम्प्लिफायर हे वाद्याच्या पाठीमागे उभे असलेले यंत्र नसून तो वाद्याचाच उत्तरार्ध आहे, हे तत्त्व येथील वऱ्हाडी मंडळींनी कोणताही ग्रंथ न उघडता मान्य केलेले आहे.

हा उत्तरार्ध स्वतःच्या हाताने बांधावयाचा, मग तो डब्यातून आलेल्या तयार संचातून असो की दुकानोदुकानी हिंडून जमविलेल्या सुट्या भागांतून असो, असे ज्याने मनात आणले आहे त्याचा सामान्यतः असा ग्रह असतो की, लहान आवाज मोठा करणे हेच या कामातील अवघड प्रकरण असावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आवाज मोठा करण्याचे काम हल्ली पाच पायांची एक आयसी विनातक्रार करून देते. बांधणाऱ्याची खरी कसोटी लागते ती, वादकाने तारेवरचा हात उचलला असता यंत्राने मौन पाळावे अशी तजवीज करण्यात.

प्रथम कामाचे स्वरूप ध्यानात घेऊ. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे पाच ते आठ हजार वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत काही दशांश व्होल्टाइतका, बहुधा त्याहूनही कमी, विद्युद्दाब उत्पन्न होतो. हा दाब इतका नाजूक असतो की त्यास कोणी जरा ओढले तरी त्याचा पाणीदारपणा, म्हणजे वरच्या पट्टीतील झळाळी, जाते. म्हणूनच ॲम्प्लिफायरच्या प्रवेशद्वाराशी दहा लक्ष ओहमांचा, म्हणजे एक मेगओहमाचा, रोध ठेवण्याचा प्रघात आहे. उलट टोकास आठ ओहमांचा स्पीकर बसलेला असतो आणि त्यास हलविण्यास अँपिअरच्या हिशेबात प्रवाह लागतो. दाब वीस-तीस पटींनी वाढला तरी एरवी काम भागते. प्रवाह मात्र लाखो पटींनी वाढवावा लागतो. गिटार केवळ हुकूम देते. त्या हुकमाच्या अंमलबजावणीचा सारा खर्च महावितरणाच्या मीटरवर पडतो.

किती वॅटचा बांधावा, हा प्रश्न तरुण मंडळी सर्वांत आधी विचारतात आणि उत्तर ऐकून हिरमुसतात. गिटारसाठी बनविलेला बरा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 95 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आणि आवाज कानास दुप्पट वाटावा तर वॅट दहापट करावे लागतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी घातलेली मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची आहे. उलव्याच्या इमारतींतील दोन फ्लॅटमधील भिंतीची जाडी ज्याने खिळा ठोकताना अजमावली आहे, त्यास यापुढील गणित कोणी मांडून दाखविण्याची गरज नाही. घरी वाजविण्यास एक वॅट पुरेसा आहे, पाच वॅट ही चैन आहे, आणि शंभर वॅटचे स्वप्न ज्यास पडते त्याने प्रथम सोसायटीच्या सेक्रेटरींचा सल्ला घ्यावा.

आता वाटा तीन. पहिली वाट एलएम 386 या आठ पायांच्या आयसीची. नऊ व्होल्टांची चौकोनी बॅटरी, चार-पाच कपॅसिटर आणि एक लहान स्पीकर एवढ्यावर ती चालते, अर्धा वॅट देते आणि कोणाचाही जीव घेत नाही. पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की तिचे वर्धन 20 पटींवरून 200 पटींवर जाते व स्वर मनसोक्त फाटू लागतो. मात्र तिचा प्रवेशरोध अवघा 50 हजार ओहम असल्यामुळे गिटार थेट जोडल्यास आवाज कांबळीखालून आल्यासारखा मुका होतो. पुढे प्रीॲम्प म्हणून एखादा फेट ट्रान्झिस्टर बसवावा, आणि पदविकेच्या प्रयोगशाळेत ज्यांनी बीएफडब्ल्यू 10 हाताळला आहे त्यांना तो कसा बसवावयाचा हे सांगावयास नको. तिसरी वाट व्हॉल्व्हची. तिच्याकडे मागाहून येऊ. मधली वाट टीडीए 2030 ची, आणि पहिल्या खेपेस मी हीच सुचवीन, कारण तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि धोका घरच्या विजेच्या बोर्डापुरताच मर्यादित राहतो.

या कामाचा बाजार म्हणजे ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, ज्यास दफ्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव आहे. उलव्याहून तेथे जाणे हा अर्ध्या दिवसाचा मामला: बामणडोंगरीहून नेरुळ, तेथून हार्बरने कुर्ला, मग दादर आणि पुढे पश्चिम रेल्वे, अटल सेतूने गाडीतून जाणाऱ्याचा वेळ वाचतो, पण टोल आणि पार्किंग यांचा जमाखर्च मांडला तर आयसीपेक्षा प्रवास महाग पडतो. घरबसल्या मागविलेला संच सोयीचा खरा. तथापि काउंटरवर उभे राहून घेतलेल्या खरेदीत एक गुण असा की, दुकानदार जे प्रतिप्रश्न विचारतो त्यांतूनच निम्मे शिक्षण होते. “शेठ, 2030 आहे का?” असे विचारावे तर तो मान वर न करता म्हणतो, “साधा देऊ का ए?”

या चार शब्दांत एक संपूर्ण धडा सामावलेला आहे. संचाच्या कागदावर बहुतेक वेळा ‘12-0-12, 1 अँपिअर’ असा ट्रान्सफॉर्मर लिहिलेला असतो. बारा व्होल्ट ए.सी. डायोडमधून जाऊन कपॅसिटरवर साठले म्हणजे शिखराचा हिशेब धरून, म्हणजे 1.414 ने गुणून, सतरा होतात. डायोडचा वाटा वजा जाता दोन्ही बाजूंस सोळा-सोळा उरतात. साध्या टीडीए 2030 ची कमाल मर्यादा उणे-अधिक 18 व्होल्टांची आहे, तेव्हा कागदावर सारे यथास्थित दिसते. परंतु लहान ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले बारा व्होल्ट हे पूर्ण भार असतानाचे असतात. भार नसता तो दहा-पंधरा टक्के अधिक देतो, आणि मध्यरात्री परिसरातील मागणी ओसरली की 230 चे 245 होणे ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. दोन्ही वाढी एकत्र आल्या की सोळाचे वीस होतात, आणि कोणी गिटारला स्पर्शही केला नसताना, केवळ बटण दाबल्याच्या क्षणी, आयसी इहलोक सोडून जाते. ‘ए’ अक्षर लावलेल्या भावंडाची मर्यादा 22 व्होल्टांची असल्यामुळे ते या प्रसंगातून तरते. किंवा ट्रान्सफॉर्मरच 9-0-9 चा घ्यावा, मग वॅट थोडे घटतात, पण घरगुती वाजविण्यात त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा सापळा आयसीच्या पाठीवर असतो. तिचा धातूचा पत्रा हा आतून तिसऱ्या पायास, म्हणजे ऋण पुरवठ्यास, जोडलेला आहे. तो जर ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर तसाच आवळला आणि हीटसिंक लोखंडी पेटीस टेकला, तर ऋण पुरवठा थेट पेटीस मिळून फ्यूज तरी जातो किंवा ट्रान्सफॉर्मर तरी. मध्ये अभ्रकाची चकती, दोन्ही अंगांस पांढऱ्या हीटसिंक पेस्टचा पातळ लेप आणि स्क्रूभोवती प्लॅस्टिकची टोपी, एवढी खबरदारी घेऊन मग मल्टिमीटरची ‘बीप’ लावून पत्रा व पेटी यांत संबंध नाही याची खात्री करून घ्यावी. तयार संचांत ही चकती पुष्कळदा नसतेच. ती वेगळी मागून घ्यावी लागते.

पहिल्यांदा वीज देताना जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा सिरीज बोर्ड वापरावा. साठ वॅटचा दिवा यंत्राशी एकसर जोडलेला असतो. बटण दाबताच तो क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि सर्व ठीक आहे, पण तो तेवतच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे, आणि तो दोष दिव्याने आपल्या अंगावर घेतल्यामुळे भाग वाचले आहेत, असे समजावे. दिवा तारेच्या फिलामेंटचाच हवा. एलईडीचा या कामी काडीचाही उपयोग नाही.

इतके झाले, गिटार जोडली, स्वर निघाला, घरातील मंडळींनी कौतुक केले. आणि मग सर्वजण गप्प झाल्यावर लक्षात येते की यंत्र गप्प झालेले नाही. स्पीकरमधून एक अखंड, खर्जातली गुणगुण येत आहे, ज्यास बाजारात ‘हमिंग’ म्हणतात. येथून खरे काम सुरू होते.

हिंदुस्थानातील वीज सेकंदास 50 आवर्तने पूर्ण करते. पूर्ण-तरंग रेक्टिफायरनंतर तिची जी लहर उरते ती दुपटीची, 100 हर्ट्झची असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले असता जो स्वर निघतो तो 98 हर्ट्झचा. म्हणजे आपल्या देशातील प्रत्येक सदोष ॲम्प्लिफायर वादकाच्या पाठीशी जवळजवळ त्याच स्वराचा, पण नेमका न जुळलेला तानपुरा छेडीत बसलेला असतो. तो स्वर वाजवून थांबले तर सेकंदास दोन अशा संथ लाटा कानाला स्पष्ट जाणवतात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची असल्याने तेथील यंत्राची गुणगुण वेगळ्या पट्टीत लागते.

गुणगुणीच्या निदानाची पहिली पायरी म्हणजे ऐकणे. ती खोल, गोलसर, 50 ची असेल तर बाहेरून शिरलेली आहे: वादक गिटार घेऊन जागेवर फिरला असता कमी-अधिक होत असेल तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट पिकअपमध्ये उतरत आहे, आणि तारांना हात लावताच ती घटत असेल तर वादकाचे शरीर ॲन्टेनाचे काम करीत होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 साली दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून जो ‘हमबकर’ पिकअप साधला, तो याच व्याधीवरील उतारा होय. परंतु गुणगुण 100 ची, जराशी किरकिरी आणि डंख असलेली असेल, व गिटारची केबल काढून घेतली तरी कायम राहत असेल, तर दोष आपल्याच वायरिंगचा आहे आणि दहांत नऊ वेळा तो अर्थच्या मांडणीत सापडतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आकृतीत अर्थचे चिन्ह जेथे जेथे काढलेले असते तेथे तेथे शून्य व्होल्ट आहे असे नवशिक्या मानतो, आणि सोयीस्कर पडेल त्या तारेस सगळे अर्थ टाके मारून मोकळा होतो. तार मात्र शून्य नसते. वीतभर बारीक वायरीचा रोध सुमारे दहा मिलिओहम भरतो. रेक्टिफायरमधून कपॅसिटर भरताना सेकंदास शंभर वेळा जे प्रवाहाचे झटके येतात ते सहज तीन अँपिअरचे असू शकतात. तीन अँपिअर गुणिले दहा मिलिओहम म्हणजे तीस मिलिव्होल्ट. गिटारचा सारा संदेशच शंभर मिलिव्होल्टांचा! आता गिटारच्या जॅकचा अर्थ जर याच वीतभर वायरीच्या चुकीच्या टोकास जोडलेला असेल, तर हे तीस मिलिव्होल्ट संदेशात मिसळतात आणि आयसी निःपक्षपातीपणे दोघांनाही तेहतीस पटींनी वाढविते. तिचा यात यत्किंचितही अपराध नाही.

म्हणून बंदोबस्त असा करावयाचा की, ज्या वाटेने धटिंगण प्रवाह जातात त्या वाटेने नाजूक प्रवाहांना पाठवावयाचेच नाही. ट्रान्सफॉर्मरची मधली तार प्रथम दोन मोठ्या कपॅसिटरांच्या सांध्यावर आणावी. तेथून एकच जाड वायर पुढे काढून तिच्या टोकास एक तारा-बिंदू करावा. आणि स्पीकर, आयसीचा फीडबॅक, प्रीॲम्प व जॅक यांच्या अर्थ वायरी स्वतंत्रपणे, एकमेकींस मध्येच न भेटता, त्या बिंदूस आणून मिळवाव्यात. जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचा घ्यावा, अन्यथा तो पेटीस टेकून दुसरी चोरवाट उघडतो. जॅकपासून प्रीॲम्पपर्यंतची वायर जाळीची घ्यावी आणि जाळी एकाच टोकास जोडावी. हे सारे सांगण्यास सोपे आणि करण्यास चिकाटीचे आहे. संचाबरोबर येणाऱ्या पीसीबीवर तांब्याचे मार्ग आधीच आखलेले असल्याने तेथे निम्मा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, आणि सुट्या भागांतून जनरल पीसीबीवर बांधण्याचा कंटाळवाणा मार्ग मला अधिक पसंत आहे तो याच कारणास्तव.

येथे एका अविचाराविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दोन यंत्रे एकत्र जोडल्यावर गुणगुण वाढली तर तीन पिनांच्या प्लगमधील जाड अर्थ पिन काढून टाकावी, असा सल्ला देणारे ‘जाणकार’ वाद्यवृंदांत सर्वत्र भेटतात, आणि गुणगुण त्याने खरोखरच थांबते. थांबते म्हणूनच हा सल्ला इतका घातक आहे. 3 मे 1972 रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक, अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला हात लागून, रंगमंचावरच मृत्यू पावला. पेटीचा धातू भिंतीतल्या अर्थ पिनेशी एका स्वतंत्र, कधीही न सुटणाऱ्या स्क्रूने जोडलेला असलाच पाहिजे, आणि त्या स्क्रूवर दुसरी कोणतीही वायर येता कामा नये. ट्रान्सफॉर्मरच्या आधी 250 मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज असावा.

आता व्हॉल्व्ह. कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे 1938 साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या लिओ फेंडर यांनी 1950 च्या दशकात ‘चॅम्प’ नावाचा जो लहानसा ॲम्प्लिफायर बाजारात आणला, त्याच्या ‘5एफ1’ या नकाशात एक 12एएक्स7, एक 6व्ही6 आणि एक 5वाय3 रेक्टिफायर इतकेच व्हॉल्व्ह आहेत. शक्ती पाचएक वॅट. आजही जगभर विकले जाणारे नवशिक्यांचे संच बहुतांशी याचीच नक्कल असतात, आणि नक्कल करण्यात कमीपणा काही नाही. लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांच्या दुकानात 1962 साली फेंडरच्याच ‘बेसमन’ची नक्कल झाली, इंग्लंडात सहज मिळतील ते भाग घातल्यामुळे स्वर बदलला आणि त्या बदललेल्या स्वरावर पुढे एक कारखाना उभा राहिला.

अमेरिकेहून येणाऱ्या संचाबाबत एक तपशील आधी पाहावा: त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा प्राथमिक वेढा 117 व्होल्टांचा असेल तर तो आपल्या 230 वर पहिल्याच मिनिटास जळेल. एतद्देशीय तोड हवी असेल तर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ चोरबाजारात अजून मिळतात, आणि 1954 साली स्थापन झालेली बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी असे व्हॉल्व्ह बनवीत असल्याने त्यांतील काही स्वदेशीही असतात. त्या काळी रेडिओ नुसता ऐकण्यासही पोस्टातून परवाना घेऊन तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. आज त्याच रेडिओच्या पोटातून ॲम्प्लिफायर काढण्यास कोणाचाही दाखला लागत नाही. पण या पोटात तीनशे व्होल्टांहून अधिक डी.सी. असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो. मुख्य कपॅसिटरवर 220 हजार ओहमांचा दोन वॅटचा रेझिस्टन्स कायमचा जोडून टाकावा. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने मोजावे. आणि असे काम रात्री एकट्याने करू नये. ज्याने आयसीचा एक तरी ॲम्प्लिफायर पूर्ण केलेला नाही त्याने या वाटेस अद्याप जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॉल्व्हच्या यंत्रात गुणगुणीस आणखी एक दार असते. वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी बसतात, आणि पहिल्याचे क्षेत्र दुसऱ्यात शिरते. यावर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे. पेटीस भोके पाडण्यापूर्वी केवळ पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा प्राथमिक वेढा विजेस जोडावा, त्याची बाकीची सर्व टोके वेगवेगळी झाकून टाकावीत, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडील दोन तारांस हेडफोन लावावा. दोहोंत कसलाही तारेचा संबंध नसताना कानात 50 ची गुणगुण ऐकू येते. मग दुसरा ट्रान्सफॉर्मर टेबलावर हळूहळू फिरवीत जावे. ती क्षीण होत होत एका विवक्षित कोनावर, बहुधा काटकोनाच्या आसपास, जवळजवळ नाहीशी होते आणि बोटभर पुढे गेले की परत वर येते. त्या कोनावर पेन्सिलीने पत्र्यावर खूण करावी आणि भोके तेथेच पाडावीत.

शेवटी पेटी. स्पीकर गिटारसाठीचाच घ्यावा. त्याचा कागदी शंकू पाच हजार हर्ट्झच्या पुढे ऐकूच देत नाही आणि फाटलेल्या स्वरातील कर्कश भाग आपोआप गाळला जातो, जे काम ट्वीटर असलेला गाण्याचा स्पीकर करणार नाही. पेटी प्लायवूडची, पाठीमागे अर्धी उघडी. उलव्याची हवा खाडीची आहे. पावसाळ्यात जॅकच्या स्प्रिंगवर आणि अर्थच्या स्क्रूवर हिरवट-करडा थर चढतो, सांध्याचा रोध वाढतो, आणि वर्षभर शांत असलेले यंत्र सप्टेंबरात अकस्मात गुणगुणू लागते. अशा वेळी कपॅसिटर बदलण्याच्या फंदात न पडता प्रथम प्लग काढून स्क्रूखालील पत्रा सँडपेपरने चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळावा आणि जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून केबल दहा-बारा वेळा आत-बाहेर करावी.